अनुपकाऱ्यास दिलेले दान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहार, यज्ञ, तप आणि दान या चार गोष्टी तीन गुणांच्या कसोटीवर लावून दाखविल्या आहेत. त्यांपैकी दानाचा विचार तीनच श्लोकांत आटोपला आहे. परंतु गृहस्थाश्रमी मनुष्याला जन्मभर पुरेल एवढा उपदेश त्या तीन श्लोकांत साठविलेला आहे. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने द्यावे असे भगवंत सांगतात, देश, काल आणि पात्र यांचा विवेक करावयास सांगतात, आणि त्याबरोबर आणखी एक अट घालतात, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याला द्यावयाचे तो ‘अनुपकारी’ असावा; म्हणजे ज्याने मागे आपल्यावर उपकार केलेले नाहीत आणि पुढेही ज्याच्याकडून फेड होण्याचा संभव नाही, असा.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. दारी आलेला अतिथी जेवून तृप्त होतो आणि आशीर्वाद देऊन जातो. ती एक प्रकारची फेडच झाली. गरीब विद्यार्थ्याला वह्या-पुस्तके दिली तर तो वाकून नमस्कार करतो, आणि पुढे मोठा झाला तर चार लोकांत आपले नाव काढतो. देवळाच्या फरशीवर नाव कोरले जाते, त्यावरून येणारेजाणारे ते वाचतात. या दानांना कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही; ती चालू आहेत म्हणून समाज चालला आहे. परंतु पूर्णपणे अनुपकारी असा घेणारा शोधू गेल्यास तो सहजासहजी सापडत नाही, हेही खरे.

हा विचार पुन्हा मनात येण्यास कारण झाले ते भिलाईजवळील नव्हे, तर भिलाईतच असलेल्या सुपेला येथील एका सद्गृहस्थांचा प्रश्न. दुर्ग जिल्हा आणि विदर्भ हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, नागपूर ही दोघांचीही राजधानी होती. पुढे १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे तिकडेच स्थिरावली. अशा घरांतून आजही गीतापाठ चालतो. तेथील सत्संगात, कारखान्यातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी विचारले, “महाराज, मंडळी तोंडाच्या कर्करोगाने गेली. वर्षश्राद्धासाठी एक लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. अन्नदान करावे, मंदिराच्या सभामंडपात तिच्या नावाची फरशी बसवावी, की कर्करोगावर नवे उपचार शोधणाऱ्या संस्थेला द्यावे? मला तिसरे करावेसे वाटते. पण मुलगा म्हणतो, बाबा, त्यातून आईला काय मिळणार? आणि उद्या त्यांच्या शोधातून काही निघालेच नाही तर?”

मुलाचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे ओढूनताणून देता कामा नयेत.

प्रथम एका आक्षेपाचा विचार थोडक्यात करू, कारण धार्मिक घरांतून तो हटकून निघतो. रोग प्रारब्धाने येतो, मग त्यावर शोध करण्यासाठी धन वेचणे म्हणजे ईश्वरी इच्छेत ढवळाढवळ नव्हे काय? असे म्हणणाऱ्याने मग भुकेल्यालाही अन्न देऊ नये. कारण भूकही प्रारब्धानेच त्याच्या वाट्यास आलेली असते. विश्वरूप दाखविताना पुढचे सर्व ठरलेले आहे असे अर्जुनाला सांगूनही भगवंतांनी त्याला धनुष्य खाली ठेवू दिले नाही. निमित्तमात्र होऊन उठ, असेच सांगितले. प्रारब्ध हे स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आठवावयाचे असते. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी त्याचा आधार घेणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय.

आता मूळ प्रश्न. संशोधनाला दिलेल्या दानाचे पात्र कोण? पुष्कळांना वाटते, शास्त्रज्ञ. तसे नाही. शास्त्रज्ञ हा वाहक आहे. खरे पात्र आहे तो रोगी, जो आज कदाचित निरोगी आहे, शाळेत जात आहे, किंवा अजून जन्मासही आलेला नाही. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आपले नाव त्याला कधी कळणार नाही. त्याचा नमस्कार आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही. भगवंतांनी घातलेली अनुपकारित्वाची अट एवढ्या काटेकोरपणे पूर्ण करणारे दुसरे पात्र गृहस्थाला क्वचितच लाभेल.

याचे एक ठळक उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी यांच्या पत्नी मेहेरबाई या जून १९३१ मध्ये परदेशी, वेल्समध्ये, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या काळी या रोगावर औषध असे काहीच नव्हते; अमाप संपत्ती असूनही पतीला ते विकत आणता आले नसते. एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी पत्नीच्या नावे एक निधी स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचे चार-पंचमांश जगातील कोणत्याही देशात रक्ताच्या कर्करोगावर शोध करणाऱ्यांना मिळावेत, उरलेला एक-पंचमांश भारतातील रोगनिवारणाच्या संशोधनास मिळावा, अशी व्यवस्था लावली. आणि ३ जून १९३२ रोजी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचेही निधन झाले. या निधीतून एकही रोगी बरा झालेला त्यांनी पाहिला नाही. आपली जवळजवळ सर्व संपत्ती, मेहेरबाईंचा कोहिनूरहून दुप्पट वजनाचा ‘ज्युबिली’ हिरासुद्धा, त्यांनी धर्मकार्यासाठी स्थापन केलेल्या विश्वस्त निधीकडे सोपविली होती. त्याच निधीने परळ येथे बांधलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. कोणी म्हणेल, पत्नीचे नाव निधीला दिलेच की. दिले, आणि त्यात दोष नाही. नावासाठी देणे निराळे आणि ज्याच्या आठवणीने देण्याची प्रेरणा झाली त्याचे नाव घेऊन देणे निराळे. श्राद्धातही आपण नाव-गोत्र उच्चारतोच.

परंतु मोठ्यांची उदाहरणे ऐकली की सामान्य गृहस्थ म्हणतो, आमच्या लाखाने काय होणार? यासाठी आणखी एक हकीकत सांगावीशी वाटते. ती थोडी लांब आहे, पण दानाची गती किती गहन असते हे तिच्यावरून कळते.

आंध्रातील काकीनाडा येथे मल्लाडी सत्यलिंगम नायकर यांच्या नावाचा धर्मदाय आहे. या धर्मदायाच्या साहाय्याच्या भरवशावर आणि सासऱ्यांनी जमविलेल्या पैशावर यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा एक तरुण वैद्य १९२३ साली अमेरिकेला शिकावयास गेला. त्याचे भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या विकाराने, थोड्या दिवसांच्या अंतराने, दगावले होते. ते शल्य त्याच्या मनात होते. इकडे १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विचित्र पांडुरोग होई आणि त्यात पुष्कळ जणी मरत. यीस्टचा अर्क, जो इंग्लंडात पावाला लावून खातात, तो साधा पदार्थ दिला असता त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे विल्सबाईंनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात कोणते द्रव्य आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे ते फॉलिक आम्ल ठरले, आणि १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात ज्यांना यश आले, त्या मंडळींचे प्रमुख होते तेच काकीनाड्याच्या मदतीने गेलेले सुब्बाराव.

अमेरिकेतील बोस्टन येथे सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाने मरणारी मुले पाहत होते. फॉलिक आम्ल दिल्याने काही मुलांचा रोग वाढतो असे त्यांना दिसले. मग त्या आम्लाच्या उलट काम करणारे द्रव्य दिले तर? असे द्रव्य सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने करून दिले. मृत्युशय्येवरील १६ मुलांना ते दिले गेले आणि त्यांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली, असे फार्बर यांनी जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. सुधारणा टिकली नाही. रोग परत आला. पण या रोगाला औषधाने मागे रेटता येते, ही गोष्ट जगाला प्रथमच कळली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘जिमी’ या टोपणनावाच्या एका आजारी मुलाचा आवाज रेडिओवरून ऐकविण्यात आला आणि फार्बर यांच्या कार्यासाठी २०,००० डॉलरांची अपेक्षा असता लोकांनी २,३१,००० डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. त्यात बहुतेक सामान्य माणसांची लहानलहान देणगी होती. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. आज मुलांतील या रोगाच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारावर योग्य उपचार वेळेवर आणि पुरता मिळाला तर बहुसंख्य मुले बरी होतात, आणि त्या उपचारात सुब्बारावांच्या मंडळींनी दिलेले मेथोट्रेक्सेट हे औषध अजून वापरले जाते.

आता विचार करावा. सुब्बारावांना परदेशी जाण्यास हात देणाऱ्या त्या काकीनाड्याच्या विश्वस्तांना कर्करोगाचे नाव तरी मनात आले असेल काय? परळच्या चाळीतील ज्या बाईने डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तो खारट अर्क घेतला, तिला बोस्टनच्या मुलाशी आपला काही संबंध आहे हे कसे कळावे? यांपैकी एकही कडी निसटली असती तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. कर्माची फळे कोठे, केव्हा आणि कोणाच्या ताटात पडतील हे कर्त्याच्या हाती नाही, असे भगवंत सांगतात तेव्हा आपण ते निराशेचे वचन समजतो. या हकीकतीत तेच वचन आशेचे होते.

मुलाचा दुसरा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. काही निघालेच नाही तर? येथे खोटा धीर देण्यात अर्थ नाही. संशोधनात बहुतेक कल्पना फसतात. जे औषध प्रयोगशाळेत उत्तम वाटते ते रोग्याच्या अंगी लागत नाही. आणि जे साधते तेही कित्येकदा फार थोडे असते. टाटा स्मारक रुग्णालयात २०१६ ते २०२० या काळात डोके, तोंड व गळा यांच्या वाढलेल्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या ४२२ रोग्यांवर एक तौलनिक प्रयोग झाला. निम्म्यांना शिरेतून देण्याचे प्रचलित औषध, निम्म्यांना मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या. कोणाला काय मिळावे हे डॉक्टरांनी ठरविले नाही, रोग्यानेही नाही. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी झाली. फळ काय? गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य साडेसात महिने, प्रचलित औषध घेणाऱ्यांचे सहा महिन्यांहून किंचित अधिक. गंभीर त्रासही गोळ्यांनी कमी झाला. म्हणजे एवढ्या खटाटोपाचे मोल सव्वा-दीड महिना!

दीड महिना म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे माणूस होऊन गेले त्यालाच विचारावे. सुपेल्याहून मुंबई सुमारे ११०० किलोमीटर आहे. सलाइनसाठी तेथे खोली घेऊन राहणे आणि आपल्याच घरी, सुनेच्या हातचा भात खाऊन गोळी घेणे, यांत जे अंतर आहे ते महिन्यांत मोजता येत नाही. शिवाय कथा तेथे थांबली नाही. याच जातीच्या गोळ्यांच्या उपचाराला एका अत्यंत महाग नव्या औषधाची, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अशी, अल्प मात्रा जोडून त्याच रुग्णालयाने १५१ रोग्यांवर प्रयोग केला. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून शेकडा ४३ वर गेले. पहिल्या दीड महिन्याच्या पायरीवर पाय ठेवूनच ही दुसरी पायरी चढता आली.

येथे दानाची आवश्यकता कोठे आहे तेही स्पष्ट होते. जुने स्वस्त औषध नव्या कामी येते काय, किंवा महाग औषध थोडे दिले तर चालते काय, हे प्रश्न विकणाऱ्याने का विचारावेत? माल कमी खपावा म्हणून कोणी व्यापारी खर्च करीत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. तो त्याचा धर्म नव्हे. असे प्रश्न रोग्याच्या बाजूने विचारावयाचे तर त्यासाठी ज्या धनाला परतावा नको आहे तेच धन लागते. सरकारचा वाटा यात मोठा आहे, टाटा स्मारक केंद्र तर १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. तरी सरकारी पैशाची वाट ठरलेली असते, आणि नव्या विचाराच्या पहिल्या पावलासाठी कोणीतरी विश्वासाने पुढे यावे लागते.

आणि त्या ४२२ जणांविषयी काय म्हणावे? आपल्या वाट्याला कोणती चिठ्ठी येईल हे माहीत नसता, ‘माझ्यावरून पुढच्याला कळू दे’ म्हणून ज्यांनी अंगठा किंवा सही दिली, त्यांनी धन नव्हे, देह दिला. दात्यांच्या यादीत त्यांचे नाव कोठेही नाही. आम्हाला विचाराल तर लक्षाधीश दात्याने प्रथम त्यांना नमस्कार करावा. मात्र रोग्याला सर्व समजावून, त्याच्या भाषेत सांगून, नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक ठेवूनच अशी संमती घेतली पाहिजे. अज्ञ मनुष्याकडून फसवून घेतलेली संमती ही दान नव्हे, ती चोरी होय.

राजस दान कसे ओळखावे? उलट उपकाराच्या हेतूने, फळावर डोळा ठेवून, किंवा मनात कुढत दिलेले ते राजस. ‘आमच्या देणगीतून दोन वर्षांत औषध निघाले पाहिजे’ अशी अट घालणारा दाता, आपल्या नावाचा दगड प्रयोगशाळेच्या दारावर किती मोठा असेल याची आधी चौकशी करणारा दाता, हे या कोटीत येतात. आयकरात सवलत मिळत असेल तर ती घेण्यात पाप नाही. परंतु मार्चअखेर जवळ आल्यावाचून ज्याच्या हृदयात करुणा उपजतच नाही, त्याने आपले दान कोणत्या श्लोकात बसते ते एकदा पडताळून पाहावे.

तामस दानाचा धोका तर या क्षेत्रात फारच आहे. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, अपात्री आणि अवहेलनेने दिलेले दान तामस, असे भगवंत म्हणतात. आजारी बालकाचे छायाचित्र दाखवून पैसे मागणारे सर्वच खरे नसतात. ‘कर्करोगावर खात्रीचा उपाय सापडला आहे, फक्त जगापुढे आणण्यास साहाय्य पाहिजे’ असे म्हणणारा बहुधा फसवा असतो, मग त्याच्या अंगावर भगवी वस्त्रे असोत की पांढरा अंगरखा. खात्रीचा उपाय सापडलेला मनुष्य तो तपासून घेण्यास भीत नाही. यास्तव देण्यापूर्वी विचारावे: प्रयोगाला नीतिसमितीची मान्यता आहे काय? २००७ पासून आपल्या देशात रोग्यांवरील प्रयोगांची सरकारी नोंदवही आहे, तीत तो नोंदविलेला आहे काय? संस्था आपले हिशेब प्रसिद्ध करते काय? आणि जो प्रयोग फसला तोही ती जाहीर करते काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे सांगितला तर दुसरे दहा जण त्या वाटेने जाण्याचे वाचतात. लपविला तर दात्याचा पैसा खरोखरच बुडतो. मुलाने विचारले होते, काही निघालेच नाही तर? ‘ही वाट बंद आहे’ एवढे निघाले तरी ते निघालेच आहे.

एक सावधगिरी आम्हालाही बाळगली पाहिजे. उद्याच्या रोग्यासाठी देण्याच्या उत्साहात आजच्या रोग्याला विसरणे हे गीतेला संमत नाही. शेजारच्या घरी गाडीभाड्यावाचून कोणाचा उपचार अडला असेल तर पहिले दान तेथेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या किती कर्करोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा मिळतो! राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली याच रोगाने गेले; नागपुरात कर्करोग्यांची सेवा करणारे एक रुग्णालय त्यांचे नाव धारण करून उभे आहे, आणि सुपेल्याच्या माणसाला ते मुंबईहून कितीतरी जवळचे. अन्नदान, आश्रय आणि शोध ही एकाच धर्माची तीन अंगे आहेत, यांत भांडण लावू नये. आणि ज्या घरी अजून सकाळी दातांना गुडाखू लावली जाते, त्या घरच्या कर्त्याने देणगीची पावती फाडण्याआधी ती डबी बाहेर फेकावी. तंबाखू आणि गूळ यांच्या त्या लगद्याने छत्तीसगडातील किती आया-बहिणींची तोंडे नासविली आहेत!

राहिला मुलाचा पहिला प्रश्न, आईला काय मिळणार? श्राद्धाचे सर्व तत्त्वच हे आहे की दुसऱ्याच्या मुखी घातलेला घास श्रद्धेने आपल्या पितरांस पोहोचतो. ब्राह्मणाच्या किंवा भुकेल्याच्या मुखी घातलेले पोहोचते, आणि तिच्याच रोगाने उद्या पिडल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मुखी पडलेली औषधाची गोळी मात्र पोहोचणार नाही, असे मानण्यास शास्त्रात कोठे आधार आहे? त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचविले की रकमेचे दोन भाग करावेत. एकाने वर्षश्राद्धाच्या दिवशी रोग्यांच्या धर्मशाळेत अन्नदान व्हावे, दुसरा चौकशी करून संशोधनास द्यावा, आणि दुसऱ्या भागाबरोबर कोणतीही अट पाठवू नये.

दानाचे तीन श्लोक संपताच भगवंतांनी ‘ॐ तत् सत्’ या नामाचा विचार सुरू केला आहे, हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. त्यांतील ‘तत्’ या शब्दाचा उच्चार करून मुमुक्षू लोक फळाची इच्छा न धरता यज्ञ, तप आणि दान करतात, असे ते सांगतात. ‘तत्’ म्हणजे ‘ते’. माझे नव्हे, त्याचे. संकल्पाचे पाणी तळहातावरून सोडताना हा शब्द मनात असावा. पाणी ताम्हनात पडले की त्यातील कोणता थेंब आपला होता हे पुन्हा शोधावयाचे नसते. १९३२ साली दोराबजींनी जे पाणी सोडले ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. त्यानंतर ९१ वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून तयार केलेल्या एका उपचाराला, ज्यात रोग्याच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखावयास शिकवून पुन्हा त्याच्या देहात सोडतात, भारत सरकारची मान्यता मिळाली. परदेशी अशाच उपचारास जो खर्च येतो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात. तो ज्यांना मिळत आहे त्यांपैकी बहुतेकांनी मेहेरबाईंचे नाव ऐकलेले नसेल.